जठराच्या कर्करोगाच्या अहवालातील प्रथिने आणि रोगाचा प्रसार

उत्तरवाहिनी:
माझ्या वडिलांच्या जठराच्या बायोप्सीच्या अहवालात ‘डिफ्यूज प्रकार, ई-कॅडहेरिन क्षीण, हर-२ १+, क्लॉडिन १८.२ पॉझिटिव्ह’ अशी नोंद आहे. उपचारांबाबत आमचे डॉक्टरांशी बोलणे चालूच आहे. मला समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की एका प्रथिनाचे कमी होणे आणि दुसऱ्याचे आढळणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व का असते, आणि रोग पसरण्याशी त्यांचा काय संबंध आहे.

सूक्ष्मदर्शक:
प्रसाराशी सर्वांत जवळचा संबंध ई-कॅडहेरिनचा आहे. पेशीपटलावरील या प्रथिनाचा बाहेरचा भाग कॅल्शियमच्या साहाय्याने शेजारच्या पेशीवरील त्याच प्रथिनाला धरून ठेवतो, तर आतला भाग कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याशी जोडलेला असतो. हे प्रथिन बनवणाऱ्या सीडीएच१ जनुकात बिघाड झाला, किंवा जनुक शाबूत असूनही मेथिलेशनमुळे (डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांमुळे) बंद पडले, की ही पकड सुटते. मग पेशी एकत्र गाठ न बांधता सुट्या-सुट्या जठराच्या भिंतीत शिरतात, भिंत जाड व ताठ होत जाते, आणि वरचे अस्तर पुष्कळदा ठीक दिसत असल्यामुळे एंडोस्कोपीतही रोग निसटू शकतो. हा विखुरलेला, म्हणजेच डिफ्यूज, प्रकार यकृतापेक्षा उदरावरणात (पोटाच्या पोकळीच्या आतील पातळ आवरणात) अधिक पसरतो. तेथील बारीक ठिपके सीटी स्कॅनमध्ये दिसतीलच असे नाही, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेआधी लॅपरोस्कोपीने (लहान छेदातून दुर्बीण घालून) पोट तपासले जाते.

सीडीएच१ जनुकातला हा दोष आनुवंशिकही असू शकतो, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. मात्र बायोप्सीत ई-कॅडहेरिन क्षीण दिसले एवढ्यावरून रोग वंशपरंपरेने आला असे ठरत नाही. घरात आणखी कोणाला डिफ्यूज प्रकारचा जठराचा किंवा लोब्युलर प्रकारचा (दूधग्रंथींत सुरू होणारा) स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकचाचणीबद्दल अवश्य विचारावे.

रंगद्रव्य:
हर-२ पेशीला वाढीचा संदेश देते. प्रथिन असेल तेथे पेशींवर रंग चढवणाऱ्या चाचणीत ० ते ३+ अशी श्रेणी देतात, आणि त्यातली १+ ही नोंद निगेटिव्ह धरतात. २+ असती तर फिश चाचणी (पेशीत हर-२ जनुकाच्या प्रती किती आहेत ते पाहणारी) करावी लागली असती. डिफ्यूज प्रकारात ते निगेटिव्ह असणे नेहमीचेच आहे. तरीही जठरात हे प्रथिन एकाच अर्बुदात कोठे असते, कोठे नसते, आणि त्यासाठीच बायोप्सीचे ६ ते ८ तुकडे घ्यावेत असे सुचवले जाते. तेव्हा तुकडे किती घेतले होते, हे विचारण्यात गैर काही नाही.

उत्तरवाहिनी:
आभारी आहे. क्लॉडिन तर निरोगी जठरातही असते असे वाचले. मग त्याची वेगळी नोंद कशासाठी?

सूक्ष्मदर्शक:
निरोगी अस्तरात ते दोन पेशींच्या घट्ट सांध्यांत दडलेले असते. कर्करोगात पेशींची रचना विस्कटली की ते उघडे पडते आणि झोलबेटक्सिमॅबसारख्या, नेमके याच प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंड-औषधाच्या हाती लागते. त्याची नोंद प्रसाराचे माप म्हणून केली जात नाही, तर हे औषध लागू पडण्याची शक्यता आहे का, ते पाहण्यासाठी केली जाते. चाचण्यांमध्ये निदान ७५ टक्के कर्कपेशींवर मध्यम ते गडद रंग चढला तरच नमुना पॉझिटिव्ह धरला गेला, म्हणून अहवालात टक्केवारी दिली आहे का, ते पाहावे. अमेरिकेत २०२४ मध्ये या औषधाला केमोथेरपीसोबत, हर-२ निगेटिव्ह असलेल्या आणि शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या किंवा दूरवर पसरलेल्या रोगासाठी मान्यता मिळाली. निरोगी जठरातही हेच प्रथिन असल्यामुळे मळमळ आणि उलट्या हा त्याचा मुख्य त्रास आहे, विशेषतः पहिल्या मात्रेच्या वेळी. त्यामुळे उलटीविरोधी औषधे आधीच सुरू केली जातात.