मदत हवी आहे: हा बुटका कोनिफर (सुईसारख्या पानांचं झाड) कुठला, आणि त्याची दांडगी फांदी कापू का?

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मागे टीचभर गार्डन आहे, तिथे ४ वर्षांपूर्वी कुंडीत हा लावला, लेबलवर नुसतं ‘ड्वार्फ कोनिफर’ (हे काय नाव झालं!). आता अडीच फूट झालाय, आकार उलट्या आइस्क्रीम कोनसारखा, सुया मऊ, सेंटीमीटरभर, एकेकट्या, बोटांत फिरवली तर सहज फिरते म्हणजे चपटी नाही, आणि वाळलेल्या काडीवर बारीक खुंट राहतात. मला ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस वाटतोय, बरोबर का?

भिंतीकडची बाजू तपकिरी पडून सुया गळतायत. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले, म्हणजे स्पायडर माइटच (रस शोषणारी बारीक कीड) असणार, म्हणून आठवडाभर पाइपने जोरात पाणी मारतोय. कुंडीला भोकं आहेत, पाणी वेळेवर घालतो. घरात लहान मुलं आहेत त्यामुळे जहाल औषध नको.

दुसरं म्हणजे वरची एक फांदी यंदा एकटीच वीतभर वाढलीये, सुयाही दुप्पट लांब, बाकी झाडाशी काही मेळच नाही.

तर ती फांदी आत्ताच बुडापासून काढू की हिवाळ्यापर्यंत थांबू? आणि बोडकी झालेली बाजू परत हिरवी होते का, की ती बाजू तशीच भिंतीकडे तोंड करून ठेवायची?