विषय: आईचं इरकली आणि माझा ड्रायर

अनगोळहून, रविवार रात्र

मंडळी, नमस्कार.

बरेच दिवस आपल्या ईमेल-लिस्टवर गप्प होतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून जूनपासून बेळगावातच आहे आणि ऑक्टोबरपर्यंत इथंच असेन. त्यामुळं गणपतीच्या वर्गणीचा हिशेब यंदा दुसऱ्या कुणी तरी सांभाळा.

बेळगावचा जुलै ज्यांना आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. सोमवारी वलणीवर टाकलेली पॅन्ट गुरुवारी हाताला तेवढीच गार लागते, फक्त आता तिला वासही येतो. आईला काठी घेऊन दोरीपर्यंत हात पोचवता येत नाही. तिकडं परदेशात पंधरा वर्षं गरम हवेनं कपडे वाळवणारा ड्रायर वापरला, इथंही एक घेऊन टाकला. माहितीपुस्तक इंग्रजी, हिंदी, कन्नड तिन्हीत, मराठीत नाही. आईनं कन्नड वाचून मला समजावलं.

दोन आठवडे सगळं छान चाललं. गेल्या मंगळवारी चादरींच्या ढिगात आईचं इरकली लुगडं गेलं. मीच टाकलं, दुसऱ्या कुणावर ढकलण्यात अर्थ नाही. हिरवट निळं अंग, तांबडा काठ, पदरावर पांढरी गोपुरं. बाहेर आलं तेव्हा काठाला परकराची झालर लावल्यासारखं दिसत होतं आणि अंगाची रुंदी इतकी कमी झाली होती की निऱ्या घोट्याच्या वर. आई एवढंच म्हणाली, "असू दे, तसंही आता नऊवारी नेसवत नाही मला." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काही करता येईल का? आणि मुळात यात घालायचं काय, काय नाही, हे तिकडं इतकी वर्षं राहूनही मला माहीत नव्हतं, हे आत्ता कळतंय.

उत्तर: वहिनींकडून

भावजी, वाईट वाटलं, पण तुम्ही एकटे नाही. मागच्या वर्षी लेझीम पथकाचे बावीस फेटे मी एकदम ड्रायरात टाकले होते. तासाभरानं दार उघडलं तर एकच जाड दोर निघाला, बाहेरून कडक आणि आतून ओला. दोन संध्याकाळी तीन जणांनी तो सोडवला. मंडळानं त्यानंतर मला फेट्यांचं काम दिलेलं नाही, ते एक बरंच झालं.

शहापूरच्या काकांनी लिहावं. ते अशा वेळी गप्प बसत नाहीत.

उत्तर: शहापूरच्या काकांकडून

गप्प बसलो होतो, पण वहिनींनी नाव घेतलं.

आधी धीर धर. साडी टाकून देऊ नकोस आणि घाईनं कडक इस्त्रीही फिरवू नकोस.

माझं लहानपण मागाच्या खटखटाटात गेलं. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात आवाज बंद पडला तर झोपमोड व्हायची. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. आजोबा तर चालत दहा मिनिटांवरच्या बेळगावला निघाले की "इंग्रजांच्या मुलखात जाऊन येतो" म्हणायचे. असो. हे विषयाला सोडून झालं.

मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून धरलेला असतो आणि हा ताण कापड उतरवल्यावरही धाग्यात दडून राहतो. पाणी लागलं की सूत फुगतं, आणि मोकळीक मिळाली की ओढून लांब केलेलं कापड आपल्या मूळ मापावर येऊ बघतं. दोरीवर ते स्वतःच्या वजनानं थोडं तरी ताणलेलं राहतं. ड्रायरात सारखं वर उचललं जातं, आपटतं, सैल पडतं. आटायला याहून मोकळं रान कुठं मिळणार? नऊवारी शेकडा पाचनं आटली तरी सव्वाआठ मीटरांतले 40 सेंटीमीटर गेले, जवळजवळ हातभर. बनियन, टी-शर्ट ही मागावर विणलेली नसून फासांनी गुंफलेली असतात. ती याहून आटतात, तीही लांबीला जास्त, म्हणून बापाची बनियन नातवाला येते.

तुझ्या आईच्या लुगड्यात यावर आणखी एक भानगड आहे. इरकलीचं अंग सुती, काठ आणि पदर रेशमी, आणि हल्ली बहुतेक वेळा नकली रेशमाचे. दोन जातींचे धागे शेजारी शेजारी, दोघांचं आटणं वेगळं. अंग आखडलं, काठ होता तेवढाच लांब राहिला, तो जाणार कुठं? त्याची झालर झाली. अंगाच्या ताण्याला पदराचा ताणा एकेक धाग्याचा फास घालून जोडतात, त्याला टोप तेणी म्हणतात. त्या ओळीवर बोट फिरवून बघ, चुण्या लागतील. आणि नकली रेशीम, म्हणजे रेयॉन, ओलं असताना त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ओल्या अवस्थेत तासभर आपटणं हे त्याच्यासाठी सगळ्यात वाईट.

आता ड्रायरची मेख. खानापूरचा माठ आठव. माठ पाझरतो, वरचं पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. ओलं कापडही तसंच. आत कितीही गरम हवा सोडा, पाणी उडत असेतो कापड फारसं तापत नाही. पाणी संपत आलं की मग ते भराभर हवेइतकं तापतं. इजा होते ती या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत. सुती कापड हाताला कोरडं लागतं तेव्हाही त्यात वजनाच्या 7-8 टक्के पाणी असतं. तेही काढून टाकलं की सूत कडक आणि ठिसूळ होतं, मग आपटण्यानं तुटतं. जाळीवर राखाडी लोकर साठते ना, ती धूळ नव्हे. ते तुमचे कपडेच आहेत, थोडे थोडे करून.

म्हणून किंचित दमट असतानाच बाहेर काढायचं, झटकायचं आणि पंख्याखाली टाकायचं. बेळगावच्या पावसात तेवढं दोन तासांत वाळतं. वॉशिंग मशीनचा पिळण्याचा वेग कापडाला झेपेल तेवढा जास्त ठेव, जितकं पाणी तिथं जाईल तितका ड्रायर कमी. अर्ध्याहून जास्त भरायचा नाही आणि जाळी दर खेपेला साफ करायची. आळस केला तर हवा कोंडते, वेळ वाढतो आणि आगीचीही भीती असते.

लेबलवर चौकोनात गोल असेल तर ड्रायर चालतो. गोलात एक ठिपका म्हणजे 60 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 80. फुली असेल तर विषय संपला. इरकलीला लेबल कुठून येणार? विणकराच्या घरून घडी थेट पेटीत. म्हणून साधं धोरण: ज्याला लेबल नाही ते आत नाही. रेशीम, जर, लोकर, खणाची चोळी, इलास्टिकचं काहीही, यांना दोरीच. एका ओळखीच्यांनी धनगरी घोंगडं घातलं होतं. चिंचोक्याची खळ दिलेलं, उभं केलं तर उभं राहील असं. लोकरीच्या केसावर खवले असतात. ओल, ऊब आणि आपटणं तिन्ही मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. घोंगड्याचं आसन झालं.

सुताचं तसं नसतं, म्हणून तुला आशा आहे. साडी थंड पाण्यात अर्धा तास भिजव, पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब. पलंगावर पसरून दोघांनी समोरासमोर उभं राहून काठ नव्हे तर अंग ओढायचं, वितीवितीनं, उभं आणि आडवं. सावलीत वाळू दे. थोडी ओल असताना वर पातळ फडकं टाकून उलट्या बाजूनं इस्त्री. तरी राहिलं तर बाजारात साड्यांना रोल पॉलिश करून देणारे आहेत. काठाची झळाळी घासली गेली असेल तर ती मात्र परत येत नाही.

उत्तर: खानापूरच्या मावशींकडून

काका बरोबरच सांगतात, पण मला हसू येऊलाय. यंत्र आणून मग त्याच्यासमोर पंखा लावायचा! आमच्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस सुरू झाला की महिना महिना ऊन नाही. लाईटही कधी असते, कधी नसते. माझी आई शेगडीत निखारे घालून वर बांबूची पाटी उपडी ठेवायची आणि तिच्यावर बाळाची दुपटी पसरायची. वर चिमूटभर धूप. तोही ड्रायरच की. आणि तिथंही तीच गोष्ट, बाजूला बसून राहायचं, एक बाजू गरम झाली की परतायचं. एकदा शेजारीण बोलत उभी राहिली नि दुपट्याला भाकरीएवढं भोक पडलं.

मी अजून सगळं उन्हातच घालतो, जमतं तेवढे दिवस.

उत्तर: शहापूरच्या काकांकडून

मावशी, उन्हालाही सोवळं समजू नका. एप्रिलच्या गच्चीवर दिवसभर टाकलेला खण दोन वर्षांत विटतो आणि पांढरं रेशीम पिवळं पडतं. उलटं करून सावलीत घाला.

अनगोळहून, पुढचा रविवार

काका, मावशी, वहिनी, तिघांचेही आभार.

शनिवारी दुपारी मी आणि शेजारची काकी पलंगाच्या दोन टोकांना उभे राहिलो आणि आई खुर्चीवरून हुकूम सोडत होती, "ओढ, पण हिसका देऊ नको." झालर जवळजवळ गेली. रुंदीत बोटभर फरक राहिलाय, आणि टोप तेणीच्या ओळीवर चुण्या आहेतच, पदर खांद्यावर गेला की दिसत नाहीत. रोल पॉलिशला सोमवारी देणार आहे. काठाची चमक एका जागी मंद झालीय, ती तशीच राहणार.

जाळीवरच्या लोकरीचा किस्सा सांगायचा राहिला. आईनं ती आठवडाभर डब्यात साठवली होती, वातींसाठी. "कापूसच तर आहे." त्यात माझ्या पॉलिएस्टरच्या शर्टांचाही भाग आहे, तो नुसता जळत नाही, वितळतोही, असं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे देवापुढं तुझे शर्ट जाळणार होते मी," आणि डबा कचऱ्यात रिकामा केला.

आत्ता टॉवेल आत आहेत. आईनं समोर खुर्ची ओढलीय आणि दर दहा मिनिटांनी मला दार उघडायला लावून हात घालून बघते.