बी विंगमधले इंटरनेट आणि राउटरवरचा लाल दिवा

रविवार, सकाळी ८:४०
बी-७०४: सर्वांना नमस्कार. शुक्रवार संध्याकाळपासून आमचे इंटरनेट दर दहा-पंधरा मिनिटांनी जाते. राउटरवरचा एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझून सारे पूर्ववत होते. कंपनीकडे दोनदा तक्रार नोंदवली. पहिली तक्रार ‘लाइन सुरळीत आहे’ असा संदेश पाठवून त्यांनी परस्पर बंद केली आणि दुसरीसाठी सोमवारी दुपारची वेळ दिली आहे. सोमवारी सकाळी दहालाच माझी बैठक आहे. इमारतीत आणखी कोणाला हा त्रास आहे का?

८:५२
बी-५०३: आमच्याकडेही रात्री इंटरनेट रडतखडत चालते. लाल दिवा मात्र दिसत नाही.

८:५५
ए-२०१: आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा असूनही लॅपटॉपवर वेगाचा आकडा ९४च्या वर कधीच गेलेला नाही. ही सरळसरळ फसवणूक असून मी थेट ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार करणार आहे.

८:५८
बी-६०१: राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरावी, सगळे ठीक होते. मी काल रात्रीच केले.

९:१०
सी-१०२: कृपया टाचणी कोणीही घालू नये. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे वेगळे आणि त्या छिद्रातले बटण दाबणे वेगळे. त्या बटणाने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो आणि कंपनीने त्यात भरलेले युजरनेम, पासवर्ड व इतर मांडणी पुसली जाण्याची शक्यता असते. मग वाय-फाय दिसते, पण इंटरनेट येत नाही. बंद-चालू करायचे असल्यास पिन काढून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा लावावी.

९:१२
बी-६०१: काका, वाय-फाय दिसते पण इंटरनेट येत नाही, हीच आमची सध्याची अवस्था आहे.

९:२५
सी-१०२: मग कंपनीला फोन करून युजरनेम मागून घ्या, दुसरा इलाज नाही.

आता बाकीच्यांसाठी. दूरसंचार खात्यातल्या नोकरीत लागलेली सवय म्हणा, पण वर जी तीन दुखणी आली आहेत ती मला एक वाटत नाहीत, त्यामुळे त्यांवर एकच औषध चालणार नाही. राउटरवर पॉन नावाचा दिवा हिरवा स्थिर असेल आणि एलओएस विझलेला असेल, तर काचेच्या तारेतून प्रकाश घरापर्यंत पोहोचतो आहे असे समजावे. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोहोचत नाही किंवा पुरेसा पोहोचत नाही, आणि अशा वेळी वाय-फायची नावे बदलून किंवा मोबाईल बंद-चालू करून काही उपयोग होत नाही.

बी-७०४ ताई, इंटरनेट चालू असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका, राउटरखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड द्या आणि आत ‘ऑप्टिकल’ माहितीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे राउटरपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, किती दिसते ते कळवा. तुमच्या मजल्यावर याच कंपनीची जोडणी कोणाकडे असेल तर त्यांनीही आपला आकडा कळवावा.

९:४८
बी-७०४: काका, आमच्याकडे उणे २८.२ डीबीएम असा आकडा आहे.

९:५५
बी-७०३: आमची जोडणी त्याच कंपनीची आहे. आमच्याकडे उणे २०.६ दिसते आणि इंटरनेट व्यवस्थित चालू आहे.

१०:१५
सी-१०२: दोष कुठे आहे ते या दोन आकड्यांवरून बरेचसे कळते. या यंत्रांना साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो. त्याखाली ते चाचपडू लागतात, म्हणून आपले इंटरनेट पूर्ण मरत नाही, जाते आणि येते. ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा होणे, हा हिशोब धरला तर बी-७०३ला जेवढा प्रकाश मिळतो त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतका आपल्याला मिळतो आहे. गच्चीवरच्या पेटीतल्या एकाच स्प्लिटरमधून (मुख्य तारेतला प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या भागातून) दोन्ही घरांच्या तारा निघत असल्याने रस्त्यावरून येणारी मुख्य तार आणि तो स्प्लिटर निर्दोष असणार. दोष त्या पेटीपासून तुमच्या राउटरपर्यंतच्या तुमच्या एकट्याच्या तारेतच आहे: एक तर घरातली हिरव्या टोकाची जोडणी सैल किंवा मळकी असेल, नाही तर तार कुठे तरी चिमटली असेल. काचेच्या तारेला बांगडीपेक्षा लहान वळसा देऊ नये, कारण तीव्र वळणावर प्रकाश तारेत न राहता बाहेर सांडतो. वरून तार धडधाकट दिसते, म्हणून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

शुक्रवारी आपल्या बाजूला कोणी काही काम केले होते का?

१०:२१
बी-७०४: शुक्रवारी दुपारी डक्टमध्ये कबुतरांची जाळी बसवायला माणसे आली होती.

१०:२२
सी-१०२: मग आधी तिथेच पाहू. सचिव साहेब, सातव्या मजल्यावरच्या डक्टच्या दाराची किल्ली मिळेल का?

१०:४०
सचिव: किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. कृपया डक्टमध्ये कोणीही वाकून उतरू नये, दारात उभे राहूनच पाहावे.

११:३५
बी-७०४: काकांबरोबर मी आत्ताच पाहून आले. जाळीची दोरी पाण्याच्या पाइपला बांधताना त्या माणसांनी आमची पांढरी तारही त्याच प्लास्टिकच्या टायमध्ये घेऊन इतकी आवळली होती की ती दुमडून पाइपवर काटकोनात बसली होती, आणि वाऱ्याने जाळी हलली की तारही ओढली जात होती. काकांनी तारेला हात न लावता फक्त टाय कापला. आता आकडा उणे २१.४ आहे आणि लाल दिवा पूर्ण विझला आहे.

११:५०
सी-१०२: आपण फक्त टाय कापला, स्प्लिटरची पेटी उघडली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो, ती पेटी कंपनीची आहे. तसेच तारेचे उघडे टोक कोणीही डोळ्यासमोर धरू नये, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी घातक ठरू शकतो.

ए-२०१ साहेब, २०० ऐवजी नेमके ९४ हा आकडा मला ओळखीचा वाटतो. तुमचा लॅपटॉप वायरने जोडलेला आहे ना? त्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगासाठी चारही लागतात आणि १०० एमबीपीएससाठी दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा टोकाशी नीट बसली नाही, तर दोन्ही यंत्रे आपसांत १००वर तडजोड करतात आणि वरखर्च वजा जाता हातात ९४-९५ उरतात. आधी वायर बदलून पाहा, तरीही ९४च आले तर लॅपटॉपचे पोर्टच १००चे आहे का ते तपासा. आणि ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा आणि समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे, असा क्रम आहे.

१२:०५
बी-५०३: काका, आमचे काय?

१२:२०
सी-१०२: वहिनी, आपला राउटर कुठे ठेवला आहे?

१२:२२
बी-५०३: टीव्हीच्या कपाटात, दार लावून. वायरी दिसू नयेत म्हणून.

१२:३०
सी-१०२: तिथेच घोटाळा असावा. आज रात्री आधी राउटरशेजारी उभे राहून वेग मोजा आणि मग बेडरूममध्ये. शेजारी वेग पूर्ण आणि आत निम्माही नसेल, तर कंपनीचा दोष नाही, राउटरची जागा चुकली आहे. ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वेगवान असते पण भिंती पार करताना दमते, २.४ लांब पोहोचते, पण तिथे एकमेकांत न मिसळणारी १, ६ आणि ११ अशी तीनच चॅनेल असल्यामुळे, रात्री सगळे घरी आले की आजूबाजूच्या राउटरांची तिथे गर्दी होते. राउटर कपाटाबाहेर, उंचावर आणि शक्यतो घराच्या मध्यावर ठेवावा.

रात्री ९:१५
बी-५०३: राउटर कपाटावर ठेवला. बेडरूममध्ये काल रात्री १८ येत होते, आज ७१ आले. वायरी दिसतात, पण चालेल.

९:३०
ए-२०१: मुलाच्या खोलीतली वायर लावून पाहिली, १९२ आले. जुनी वायर दाराच्या फटीतून नेली होती, ती तिथे चेपली गेली असावी. कंपनीबद्दलचे शब्द मागे घेतो.

सोमवार, दुपारी १:१०
बी-७०४: बैठक निर्विघ्न पार पडली. आत्ता कंपनीचा संदेश आला आहे की ‘आमच्या तंत्रज्ञाने दोष दूर केला असून तक्रार बंद करण्यात येत आहे.’ प्रत्यक्षात कोणीही आलेले नाही.

१:१८
सी-१०२: ती बंद करू देऊ नका. एकदा दुमडलेली काचेची तार पुढे त्याच जागी तडकू शकते, आणि बी-७०३च्या तुलनेत आपला आकडा अजून थोडा कमी आहे. तक्रार पुन्हा उघडायला सांगा आणि पेटीपासून घरापर्यंतची तार बदलून मागा.

१:२५
सचिव: जाळीवाले बुधवारी ए विंगच्या डक्टमध्ये काम सुरू करणार आहेत. काका, सकाळी अकराला दहा मिनिटे आलात तर बरे होईल.

१:२७
सी-१०२: येतो. त्यांना टायऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या आणायला सांगा.