आजीच्या हजार चंद्रांची वही: रबरी शिक्क्यांची शाई फुटते आहे, मदत हवी

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे. पण सगळं सांगितल्याशिवाय माझं चुकतंय कुठे ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

१७ ऑगस्टला आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिच्यासाठी मी एक वही करते आहे. २० कागद, पाठपोट ४० पानं आणि प्रत्येक पानावर २५ चंद्र, म्हणजे बरोबर हजार. पेन्सिलीच्या मागचं गोल खोडरबर शाईला टेकवून हे चंद्र उमटवते आहे. त्यांच्याखाली जलरंग, पंचांगाचे तुकडे, आजीच्या जुन्या खणाच्या चोळीचं कापड आणि मी स्वतः कोरलेले शिक्के.

वहीत फोटो नाहीत, कारण आमच्याकडे आजीचे फोटोच उरलेले नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर अल्बम उघडले तर चेहरे धुऊन गेले होते, नुसते गुलाबी-निळे ओघळ. वाचली ती माळ्यावर ठेवलेली पंचांगं. आजी पंचांगाच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवायची. ‘कपिला व्यायली.’ ‘आगळ ६ बाटल्या.’ ‘धाकट्याला ताप, रात्रभर जाग.’ फोटोपेक्षा मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

शिक्के विकत बघायला गेले तर सगळीकडे गुलाब, फुगे आणि इंग्रजी शुभेच्छा. विळी, अडकित्ता, तुळशीवृंदावन कुठे मिळणार? मग मोठी खोडरबरं आणून कटरच्या पात्याने १४ शिक्के कोरले. पहिला शिक्का आमच्या जुन्या घराच्या मागचा, रहाट आणि त्याच्या शेजारची पोफळ. तो थेट रबरावर काढून कोरला आणि मला सगळ्यात आवडलाय.

आता अडचणी. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर शिक्के मारते. तिथे वापरतो तसंच जांभळ्या शाईचं स्टॅम्प पॅड घरी आणलं. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा, जाड. त्यावर शिक्का मारून वरून जलरंगाचा हात फिरवला की शाई फुटते आणि विळीचं जांभळं डबकं होतं. म्हणून काही पानांना आधी पांढरा जेसो (चित्राआधी कागदाला लावतात तो अस्तराचा रंग) लावला, तो वाळवला आणि मग शिक्के मारले. त्याला आज चार दिवस झाले, अजून बोट लावलं की जांभळं होतं आणि समोरच्या पानावर सगळं उमटलंय. पाऊस मरणाचा आहे, त्यामुळेच असेल का?

दुसरं म्हणजे कागद खरबरीत असल्याने शिक्का तुटक येतो. तिसरं, मुखपृष्ठावर ‘सहस्रचंद्रदर्शन’ अक्षरांच्या शिक्क्यांनी उमटवायचंय. अक्षरं सुटी सुटी कोरली, पण शिरोरेषा जुळत नाही, जिन्याच्या पायऱ्यांसारखी वरखाली जाते.

जेसो लावलेली सहा पानं वाचतील का, तेही सांगा. त्यांवर १५० चंद्र आहेत.

कागदवेडी (ठाणे)

ताई, शिक्के चांगलेच असणार. चुकली ती फक्त शाई. पावसाचा त्यात थोडाच वाटा आहे.

ऑफिसच्या पॅडची शाई पॅडवर महिनोन्‌महिने सुकू नये म्हणून बनवलेली असते. तिच्यात ग्लिसरीनसारखे न वाळणारे द्रव असतात. साध्या कागदावर ती ‘वाळते’ असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात कागद ती पिऊन टाकतो. जेसोत अ‍ॅक्रिलिक असतं, म्हणजे पानावर प्लॅस्टिकचा पातळ थर बसतो. त्यातून शाई आत जाऊ शकत नाही आणि हवेत उडूनही जात नाही. ती पानं मेच्या उन्हात ठेवली असतीत तरी चिकटच राहिली असती. जलरंगाखाली ती फुटते याचं कारण निराळं: तिचा रंग पाण्यात विरघळणारा आहे.

तुम्हाला हवी वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी शाई. मी रेंजरची ‘आर्काइव्हल’ काळी वापरते. त्सुकिनेकोची ‘व्हर्साफाइन’सुद्धा बारीक रेघांना फार सुंदर आहे, मात्र ती वाळायला वेळ घेते. पॅड महाग वाटेल, पण हजार चंद्र आणि १४ शिक्के एका पॅडमध्ये सहज होतील. घेताना डब्यावर ‘पर्मनंट’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय ना ते बघा. नुसती ‘डाय इंक’ असेल तर बहुधा पुन्हा तोच प्रकार. शिक्का मारला की एक रात्र थांबा, या हवेत दोन, आणि मगच जलरंग. जेसोवर मारलेल्या शिक्क्याला दोन दिवसांपेक्षा कमी देऊच नका.

घाई असेल तर जेसोच्या पानांसाठी एम्बॉसिंग पावडर. चिकट पारदर्शक शाईने शिक्का मारायचा, वर पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून खालून गरम करायचं. पावडर वितळून चकचकीत उठावदार रेघ तयार होते आणि गार झाली की काम संपलं. केस वाळवायच्या यंत्राने होत नाही, त्याची आच पुरत नाही आणि वाऱ्याने पावडर उडते ती वेगळीच. हीट गन नसेल तर तापलेल्या तव्याच्या वर चार बोटं अंतरावर पान चिमट्याने धरा. त्याआधी पानावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकी आपटून घ्या, नाहीतर दमट कागदाला पावडर नको तिथे चिकटते.

आता सहा पानांचं. पुसून वर पुन्हा जेसो लावायचा विचार मनात आला असेल, तो कृपा करून करू नका. तो जांभळा रंग पांढऱ्यातून पुन्हा वर येतो. मी एका तक्त्यावर तीन हात दिले होते, तीनही वेळा आला. ओल्या फडक्याने जेवढी निघेल तेवढी शाई काढा, पान कोरडं करा आणि त्यावर पानाच्या मापाचा जाड हातकागद चिकटवा. चंद्र पुन्हा उमटवावे लागतील, त्याला इलाज नाही.

आणि एक कळकळीची विनंती. पंचांगाचे अस्सल कागद चिकटवू नका. पुरातून वाचलेली चीज आहे ती. लेझर झेरॉक्स काढा. झेरॉक्सची टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी, ती पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवर मात्र काढू नका, बहुतेकांची शाई तुमच्या जांभळ्या शाईसारखीच पसरते. पातळ कागदाला पाणी घातलेला फेव्हिकॉल लावला की सुरकुत्या पडतात. घट्टसर मॅट मीडियम (अ‍ॅक्रिलिकचं, न चमकणारं पारदर्शक चिकटद्रव्य) पातळ हाताने लावा, वर बटरपेपर ठेवा आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा.

जुना जुळारी (सातारा)

मी ३१ वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. शिक्के मारायचा छंद मला नाही, पण तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीत माझं आयुष्य गेलंय.

आधी कागदाचं. खरबरीत कागदावर ठसा तुटक येतो तो दाब कमी पडतो म्हणून नव्हे. खळग्यांपर्यंत रबर पोचत नाही म्हणून येतो. आम्ही ठसा फिका आला की कागदामागे पातळ कागदाचे तुकडे लावत असू. तुम्ही पानाखाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या ठेवा. कागद थोडा दबतो आणि रबर खळग्यात उतरतं. शिक्का वरून सरळ ठेवा, तळहाताने दाबा, हलवू नका.

दुसरा उपाय फार जुना आहे. पोथ्यांचा हातकागद लिहिण्याआधी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत असत, तेव्हा कुठे बोरूची शाई त्यावर फुटत नसे. तुम्ही सगळं पान घोटायची गरज नाही. जिथे शिक्का येणार तेवढीच जागा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा. कागद तिथे चमकायला लागला की थांबा. बाकीचं पान खरबरीत राहू द्या, जलरंग त्यावरच खुलतो.

आता शिरोरेषा. ताई, अक्षरासोबत शिरोरेषा कोरूच नका. अक्षरं बिनडोक्याची कोरा आणि सगळा शब्द उमटला, वाळला की खोडरबराच्या एका लांब सरळ पट्टीने वरून एकच शिरोरेषा मारा. ती अखंड दिसते आणि वरखाली झालेलं केसभर अंतर तिच्या जाडीत झाकलं जातं. प्रत्येक खोडरबर अक्षराच्या माथ्यापासून सारखंच अंतर राखून कापा, वरची कड गुण्या लावून काटकोनात करा आणि शिक्का मारताना ती कड फूटपट्टीला टेकवा. ओळ हलणार नाही.

जोडाक्षरं तोडू नका. ‘स्र’ आणि ‘द्र’ हे एकेक ठोकळे. ‘र्श’ मध्ये मात्र ‘श’ वेगळा आणि रफार वेगळा ठेवा, कारण रफार शिरोरेषेच्या वर बसतो, तो पट्टीनंतर मारायचा. ‘चं’वरचा अनुस्वारही तसाच शेवटी. तुमच्या शब्दात ‘ध’ आणि ‘भ’ नाहीत हे बरं. आत कुठे ‘शुभ’ लिहिणार असाल तर लक्षात ठेवा, या दोन अक्षरांची रेषा माथ्यावर तुटते. अखंड पट्टी मारलीत तर भ चा म होईल आणि ध चा घ.

उलटं कोरायची धास्ती वाटत असेल तर बटरपेपरवर मऊ पेन्सिलीने अक्षर सरळ काढा, कागद पालथा करून रबरावर ठेवा आणि नखाने घासा. पेन्सिल आपोआप उलटी उतरते. चित्रालाही हेच करावं. आणि कोरलेली खोडरबरं प्लॅस्टिकच्या डब्यात सुटी ठेवू नका, चिकटून खराब होतात. एकेक कागदात गुंडाळा.

आजींना माझा नमस्कार सांगा.

हळदपान (सावंतवाडी)

वरच्या दोघांनी मुख्य ते सांगितलंय. माझी फक्त एक भर. एखाद्या पानाला हळदीच्या पाण्याचा हात द्या, वाळवा आणि शिक्का शाईऐवजी चुन्याच्या निवळीने मारा. विड्याचा चुना पाण्यात कालवून ठेवला की वर जे नितळ पाणी येतं, ती निवळी. स्पंजच्या तुकड्यावर घेऊन शिक्का टेकवा. पिवळ्यावर ठसा लालभडक उमटतो आणि वाळला की तांबूस होतो. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, तोच गुण. हळदीकुंकवाच्या पानाला शोभेल. हळदीचा रंग उजेडाने उडतो, त्यामुळे भिंतीवरच्या चित्राला मी हे सुचवलं नसतं. वही मिटलेली राहते, तिथे टिकेल. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शिक्का लगेच धुवा.

वाशिष्ठीकाठ

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. रात्री सगळं वाचून काढलं आणि सकाळी झेरॉक्सवाल्याकडे गेले. अस्सल पंचांगं पुन्हा माळ्यावर ठेवली आहेत, या वेळी डब्यात.

काका, चमच्याने घासलेल्या जागी अडकित्त्याची दातेरी नक्षीसुद्धा आली. ती मी कोरली आहे हे मीच विसरले होते. शिरोरेषेची पट्टी आज करते.

वाशिष्ठीकाठ (२१ ऑगस्ट)

वही पूर्ण झाली, दिली. शेवटच्या रात्री तीनपर्यंत चंद्र चालले होते, बहिणीने ओळी आखून दिल्या म्हणून निभावलं. जांभळी सहा पानं जाड कागद चिकटवून झाकली, कुठूनही रंग वर आलेला नाही. हळदीच्या पानावर तुळशीवृंदावन मारलं. जावेने बोट फिरवून विचारलं, हे कुंकू का? आर्काइव्हल शाईवर मुद्दाम थेंबभर पाणी टाकून पाहिलं, रेघ जागची हलली नाही. ते बघून मला किती हलकं वाटलं ते पूर पाहिलेल्यांनाच कळेल.

आजीला आता लहान अक्षर दिसत नाही. तिने पानं हातानेच वाचली. खणाच्या तुकड्यावर बराच वेळ हात ठेवून बसली. पंचांगातल्या नोंदी मी मोठ्याने वाचत होते. ‘कपिला व्यायली’ वर तिने वासराचं नावसुद्धा सांगितलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी लगेच त्या पानावर लिहून घेतलं.

मग रहाटाचं पान आलं. ते तिने डोळ्यांजवळ धरलं, लांब केलं, पुन्हा जवळ आणलं. म्हणाली, “रहाट हितं नव्हता गो. पोफळीच्या उजव्या अंगाला होता. तू डाव्या अंगाला घातलास.”

काका, तुम्ही चित्राबद्दलही लिहिलं होतं. बाकीचे शिक्के तसे तपासले, पण हा पहिला थेट रबरावर काढलेला होता आणि तो तपासायचं मला सुचलंच नाही. काल नवं खोडरबर आणलं. बटरपेपर पालथा करून नखाने घासला आणि रात्री कोरून झालं. जुन्या ठशावर चमच्याने घोटलेला हातकागदाचा तुकडा चिकटवला आहे, तो आता पंचांगांच्या वजनाखाली आहे. सकाळी त्यावर शिक्का मारायचा. पोफळ डावीकडे, रहाट उजवीकडे.