‘कुत्री आपसात बघून घेतात’ हे वाक्य आता बास झालं

निळी_लीश:
काल इथे मोकळा_श्वास यांनी लिहिलं होतं की फिरताना दुसरं कुत्रं अंगावर आलं तर माणसाने मध्ये पडू नये, कुत्र्यांना त्यांची भाषा असते, ती आपसात बघून घेतात, मालकच घाबरून लीश (हातातली दोरी) खेचतात आणि भांडण लावतात. खाली बदामांची रांग. मी रात्री दोनदा उत्तर लिहून पुसलं. आता सकाळी शांतपणे लिहायला बसलेय पण डोकं तापणार हे मला माहितीये.

माझी कुत्री अकरा किलोची. लीशवर, माझ्या डाव्या हाताला चालत होती. समोरून एक मोकळा कुत्रा आला, गळ्यात पट्टा होता, मालक बराच मागे फोनवर. तिथूनच ओरडला, ‘काही करत नाही तो!’ त्याचं वाक्य संपेपर्यंत त्या कुत्र्याने हिला मानगुटीला धरून दोनदा झिंजाडलं होतं. आणि भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, काही नाही. तो गप्प आला. अंग ताठ, डोकं खाली, नजर हिच्यावर रोखलेली, तोंड मिटलेलं. शेपूट हलत होती, पण वर ताठ धरलेली आणि नुसतं टोक थरथरत होतं. शेजारून जाणारे एक काका म्हणाले, ‘खेळायला आलाय.’ ते अजून माझ्या कानात आहे.

दोन मोकळी, एकमेकांना ओळखणारी कुत्री आपसात बघून घेत असतील, मी नाही म्हणत नाही. पण माझी कुत्री दीड मीटरच्या लीशला बांधलेली आहे. तिला पळता येत नाही, लांबून वळसा घालून जाता येत नाही, समोरच्याला टाळायचे तिचे सगळे मार्ग मी हातात धरून ठेवलेत. मग ती बघून घेणार म्हणजे नक्की काय करणार? पळायची वाट मी बंद केली असेल तर मध्ये उभं राहायचं कामही माझंच.

मोकळा_श्वास:
ताई, तुमच्या कुत्रीला जे झालं त्याचं खरंच वाईट वाटलं. पण मी जे म्हटलं तेवढंच बघा ना. मी पंधरा वर्षं कुत्री पाळतोय, चार कुत्री झाली, एकालाही टाका पडला नाही. कारण मी समोर कुत्रं दिसलं की लीश सैल सोडतो. लीश ताणली की कुत्र्याची छाती पुढे येते, मान वर जाते, समोरच्याला वाटतं हा अंगावर येतोय. भांडण तिथे सुरू होतं. हे कुठलाही ट्रेनर सांगेल. आणि तुम्ही लोक छत्र्या, स्प्रे, काठ्या घेऊन फिरायला निघता, ते फिरणं आहे की लढाई?

रात्रपाळी:
मी जनावरांच्या दवाखान्यात रात्री मदतनीस म्हणून काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं बोलणार नाही, जे डोळ्यांनी बघतो ते सांगतो.

लोक येतात आणि म्हणतात दोन छोटी भोकं आहेत, मलम द्या. आम्ही केस भादरतो आणि खाली बघतो तर कातडी मासापासून सुटलेली असते. कुत्र्याची कातडी सैल असते, सुळा आत जातो आणि झिंजाडलं की वरची कातडी तशीच राहते पण आतलं सगळं चिरडून फाटून निघतं. वरून दोन ठिपके, आत तळहाताएवढी पोकळी. तिथे तोंडातले जंतू अडकतात आणि दोन दिवसांनी पू. छातीवर चावा असेल तर लहान कुत्र्याच्या फुप्फुसाला इजा झालेली असू शकते, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे ‘रक्त येत नाहीये’ म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

दुसरं, कुत्र्याला रेबीजचं इंजेक्शन वेळेवर दिलेलं असलं तरी अनोळखी कुत्रं चावल्यावर लगेच बूस्टर द्यायचं असतं. आणि सोडवताना तुम्हाला दात लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मग लगेच आपल्या डॉक्टरकडे. कुत्र्यासाठी रडत येतात आणि स्वतःच्या हाताला रुमाल गुंडाळलेला असतो, मला हे बघवत नाही.

चिमणी_पावलं:
म्हणूनच मी सरळ उचलून घेते. माझं साडेतीन किलोचं आहे, समोर काही दिसलं की खांद्यावर. यावर चर्चा कसली करायची?

काळा_ठिपका:
चर्चा आहे. तुम्ही उचलता तेव्हा समोरचं कुत्रं उडी मारतं आणि तुमचं तोंड त्याच्या टप्प्यात येतं. माझ्या बहिणीचा ओठ असाच फाटला. कुत्रं वाचलं, तिला टाके पडले.

आणि आता विषय निघालाच आहे तर माझंही ऐकाच. माझा कुत्रा बेचाळीस किलोचा, काळाकुट्ट. लहानपणी दुसऱ्या कुत्र्यांनी फाडला होता म्हणून तो कुत्र्यांना घाबरतो आणि घाबरला की पुढे जातो. मला हे माहितीये, म्हणून बाहेर पडताना त्याला मुसकं घालते. गेली पाच वर्षं, एकही दिवस चुकला नाही. आणि बोलणी कोण खातं? मीच. ‘किती क्रूर’, ‘एवढा खुनशी आहे तर पाळता कशाला’, आया मुलांना घेऊन बाजूला होतात. आणि ज्यांची कुत्री पाच किलोची आहेत ती लांब दोरीवर भुंकत, दात दाखवत थेट याच्या तोंडाशी येतात आणि मालक हसतात, ‘बघा कसा दादागिरी करतोय’. हेच माझ्या कुत्र्याने केलं असतं तर हसले असते का?

चिमणी_पावलं:
साडेतीन किलोचं कुत्रं भुंकलं म्हणून कोणी मरत नाही. तुमच्याने मरू शकतं. फरक आहे तो वजनाचा आहे, उगीच अन्याय झाल्यासारखं बोलू नका.

काळा_ठिपका:
वजनाचा फरक मला माहितीये म्हणूनच मुसकं आहे ना! तुम्ही काय केलं वजनाच्या फरकाचं? ती डब्यात आत ओढली जाणारी बारीक दोरी वापरता ना? आठ मीटर पुढे कुत्रं आणि हातात नुसता डबा. त्या दोरीला घाईत हात घातला तर तळवा भाजल्यासारखा कापला जातो, आणि आठ मीटरवरचं कुत्रं तुम्ही उचलणार तरी कधी?

मोकळा_श्वास:
मुसकं म्हणजे तोंड बांधणंच झालं. कुत्र्याला धापता आलं पाहिजे, अंगातली उष्णता तो तोंडानेच बाहेर टाकतो. बांधून फिरवणं मला पटत नाही, सॉरी.

काळा_ठिपका:
हेच! बघितलेलं नसतं पण मत असतं. मी कापडी पट्टी म्हणत नाहीये. ती डॉक्टरकडे दोन मिनिटांसाठी ठीक, ती घालून फिरवलं तर कुत्रा गुदमरेल, तिथे तुम्ही बरोबर आहात. मी म्हणतेय ते टोपलीसारखं. आत तो पूर्ण तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो, पाणी पितो, फटीतून मी त्याला खाऊ देते. घरी आधी तीन आठवडे नुसतं त्याच्यात खाऊ ठेवून नाक घालायला शिकवलं, मग मागचा पट्टा लावला. आता मी ते हातात घेतलं की तो स्वतः येऊन तोंड घालतो कारण त्याला कळतं की बाहेर जायचंय.

आणि सगळ्यात वाईट काय झालं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात दोन मोकळी कुत्री त्याच्यावर आली, तो मुसक्यात, मी एकटी. तो चावू शकत नव्हता. मी त्याची हत्यारं काढून घेतली होती आणि त्यांची हत्यारं त्यांच्याकडे होती. मागच्या मांडीचा लचका गेला. तेव्हापासून मी ठरवलं, त्याला मुसकं घालणार असेन तर माझ्या हातात काहीतरी असलंच पाहिजे. म्हणून मी छत्री घेऊन फिरते, तुम्ही त्याला लढाई म्हणा.

रात्रपाळी:
छत्रीबद्दल एक. बटण दाबल्यावर समोरच्या कुत्र्यापुढे फट्कन उघडणारी पाहिजे, आणि आपल्या कुत्र्याला घरी आधी सवय केलेली पाहिजे. नाहीतर पहिलं ते घाबरून पट्ट्यातून मान काढून पळतं. अशी हरवलेली कुत्रीसुद्धा पाहिलीत मी.

निळी_लीश:
मुसक्यावर एवढं होईल असं वाटलं नव्हतं, पण चालू दे, काळा_ठिपका तुमचं वाचून मला माझीच लाज वाटली. मी मुसकं घातलेलं कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचे. खरं तर तो मालक जबाबदारीने वागतोय याची खूण आहे ती.

मोकळा_श्वास, लीश सैल सोडा हे तुमचं चुकीचं नाही. मीही ताणत नाही आता. पण सैल लीशने समोरचा थांबत नाही, फक्त माझी कुत्री भडकत नाही. थांबवायचं मलाच लागतं. मी लांबूनच बघते, दिसलं की वळते, मध्ये उभी गाडी किंवा झाड घेते. जवळ आलंच तर कुत्रीला मागे घेऊन मी एक पाऊल पुढे, तळहात समोर, आणि पोटातून ‘हाड!’. किंचाळायचं नाही, किंचाळलं की चेव येतो. तरी आलं तर खिशातला मूठभर खाऊ त्याच्या नाकासमोर जमिनीवर विखुरते. तो खायला वाकतो, मला दहा सेकंद मिळतात, तेवढी पुरतात. न खाणारंही एखादं असतं, तिथे छत्री. आणि पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतंच.

चिमणी_पावलं:
आणि धरलंच तर? त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. मला खरंच माहिती हवीये, भांडायला विचारत नाहीये.

रात्रपाळी:
धरल्यावर आपलं कुत्रं खेचायचं नाही. पहिलं हेच. खेचलं की फाटतं. तोंडाच्या जवळ हात नाही, स्वतःचं कुत्रंसुद्धा त्या वेळी तुम्हाला ओळखत नाही. दोघं असाल तर दोघांनी दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय वर उचलून, हातगाडी ढकलतो तसे धरून, पकड सुटली की मागे मागे न्यायचं, आणि लगेच सोडायचं नाही, नाहीतर वळून तुम्हालाच धरतं. एकटे असाल तर चावणाऱ्याचा पट्टा मागून धरून वर उचलून पिळायचा, श्वास अडला की जबडा सुटतो. पाणी जवळ असेल तर नाकातोंडावर मारा. मिरचीचा स्प्रे मी तरी सांगणार नाही, वारा फिरला की तुमच्याच डोळ्यांत, आणि तुमच्या कुत्र्याच्याही.

हे सगळं वाचायला सोपं आहे. मी स्वतः एकदाच केलंय आणि हात नंतर अर्धा तास थरथरत होते.

मोकळा_श्वास:
ठीक आहे. मध्ये पडू नका हे मी फार सरसकट लिहिलं, ते मागे घेतो. माझे चारही कुत्रे पंचवीस किलोच्या वरचे होते, त्यामुळे समोरचा विचार करूनच येत असणार, हे मला आज पहिल्यांदा सुचलं. पण छत्रीला माझा अजून विरोध आहे. आणि मुसक्याबद्दलचं माझं मत एका धाग्यात बदलणार नाही.

काळा_ठिपका:
मत नका बदलू. पण एक विचारते. तुमचा आत्ताचा कुत्रा बाहेर लीशवर असतो का?

मोकळा_श्वास:
पहाटे मोकळा सोडतो. कोणी नसतं तेव्हा. बोलावलं की येतो.

निळी_लीश:
माझ्या कुत्रीला धरलं तेव्हा पहाटेचे सव्वापाच झाले होते, मोकळा_श्वास. तेव्हाही ते एक काका सोडले तर कोणी नव्हतं, फक्त आम्ही दोघी होतो. त्या मालकानेही त्याला तीन वेळा बोलावलं. पहिल्या हाकेला त्याने कान हलवलेला मला दिसला.

मोकळा_श्वास:
...
उद्या लीशवर नेतो.

चिमणी_पावलं:
काळा_ठिपका, ती टोपली घेताना माप कुठून कुठे घ्यायचं? माझ्याला नकोय, भावाचा कुत्रा आहे, मोठा आहे. आणि ती लांब दोरी मी आज काढून ठेवलीये, तुम्ही ओरडलात म्हणून नाही, तळव्यावर तसाच वण माझ्याही आहे.

काळा_ठिपका:
नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांच्या एक बोट खालपर्यंत लांबी. आणि घेर तोंड मिटून नाही मोजायचा. तो धापत असताना, तोंड पूर्ण उघडं असताना मोजायचा, त्याहून थोडं सैलच घ्या. भावाला म्हणावं पहिले आठ दिवस तरी पट्टा लावायचाच नाही, नुसतं खाऊ घालायचं त्याच्यातून.