मदत हवी आहे: लेकीसाठी मायक्रोस्कोप घ्यावा का?

ऋतुगंधा:
रविवारी लेकीचा वाढदिवस आहे. तिला मायक्रोस्कोप द्यायचं डोक्यात आहे. ऑनलाइन बघायला गेले तर पाचशे रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंत वाट्टेल ते दिसतंय आणि प्रत्येकावर १२०० एक्स, १६०० एक्स असं छापलंय. घरात एकमत नाही. सासरे म्हणतात, एवढ्यात नको, काच फोडून हात कापून घेईल. नवऱ्याचं म्हणणं, घ्यायचा तर दणकट घेऊ, दहावीपर्यंत दुसरा बघायला नको. घ्यावा की नको, आणि घ्यायचा तर कोणता, एवढंच सांगा. बजेट अडीच हजार. सोलापुरात कुठे हातात घेऊन बघता येईल तेही सांगा, आम्ही विजापूर रोडला राहतो. ऑनलाइन मागवायचा तर उद्यापर्यंत ऑर्डर टाकावी लागेल, म्हणून घाई आहे. "त्यापेक्षा मातीत खेळू द्या" हे उत्तर कृपया नको.

हुरडा:
वय?

देठपान:
वय लिहिलेलं नाही, चौथी-पाचवीतली धरून लिहितो. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. ते १२०० एक्स आधी मनातून काढून टाका. साध्या प्रकाशात कितीही उत्तम भिंग लावलं तरी साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, आणि खेळण्यातल्या प्लास्टिकच्या भिंगांत तेवढाही दम नसतो. त्यापुढे आकडा वाढवला की धूसर डाग मोठा होतो, बाकी काही नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा धातूचा कंपाउंड, म्हणजे वर-खाली दोन भिंगांचा, मायक्रोस्कोप घ्या. वरचं भिंग १० एक्स, खालची ४, १० आणि ४०, म्हणजे ४०, १०० आणि ४०० पट. शाळेच्या अख्ख्या जीवशास्त्राला एवढं पुरतं. अंबाल्यात बनलेले असे भरपूर मिळतात आणि जपले तर वर्षानुवर्षं टिकतात. कांद्याचा पापुद्रा, रिओच्या पानाची जांभळी साल, तळ्यातलं पाणी, एवढ्यावर एक अख्खी सुट्टी जाते. तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे.

जुळेकर:
चौथी-पाचवीतली कशावरून धरलीत सर? त्या फक्त "लेक" म्हणाल्यात.

ऋतुगंधा:
पाच पूर्ण होतील. मोठ्या गटात आहे. वयाने एवढा काय फरक पडतो? समजावून सांगितलं की तिला कळतं.

जुळेकर:
ताई, फरक पडतो. कळण्याचा प्रश्नच नाही, हाताचा आणि डोळ्याचा आहे. आमच्या मुलाला याच वयात कंपाउंड आणला होता. एक डोळा मिटून दुसऱ्याने बघणं या वयात जमत नाही, दोन्ही मिटतात. फोकसचं चाक फिरवताना भिंग थेट स्लाइडवर टेकतं आणि वरची पातळ कव्हरस्लिप तडकते. त्यात आतलं चित्र उलटं दिसतं. स्लाइड उजवीकडे सरकवली की मुंगीचा पाय डावीकडे पळतो, आणि पोरगं रडकुंडीला येतं. शेवटी सगळं मी लावायचं आणि त्याने एकदा डोकावून "दिसलं" म्हणायचं, असं चालायचं. खरंच दिसलं का, हे मला कधी कळलंच नाही. आता तो सातवीत आहे, आता तेच यंत्र छान वापरतो.

देठपान:
मोठ्या माणसाने स्लाइड लावून द्यायची हे गृहीतच आहे. पाचव्या वर्षी पेशी बघितलेलं मूल ती आयुष्यभर विसरत नाही. यंत्र अवघड आहे म्हणून ते लांब ठेवायचं, हे मला पटत नाही.

जुळेकर:
लांब ठेवा असं मी कुठे म्हटलंय? वाढदिवसाची भेट आहे सर. भेट म्हणजे मुलाला ती स्वतः वापरता आली पाहिजे. दर वेळी बाबा ऑफिसमधून यायची वाट बघावी लागली तर ती बाबांची वस्तू झाली.

कागदीभिंग:
दोघांनी भांडू नका. फोल्डस्कोप घ्या. कागदाचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला. प्रकाश स्वतः आयआयटी कानपूरचे. एवढासा मण्याएवढा भिंगाचा गोळा, पण १४० पट मोठं दाखवतो. पाण्यात पडला तरी चालतो, हातातून पडला तरी चालतो, खिशात मावतो आणि तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतो. मी शाळांमध्ये त्याच्या कार्यशाळा घेते. मुलं स्वतः घड्या घालून बनवतात, तो आनंद तयार यंत्रात नाही.

देठपान:
कार्यशाळेत कितवीची मुलं असतात?

कागदीभिंग:
पाचवी ते आठवी. पण फोनला चुंबकाने चिकटवला की पाच वर्षांच्या मुलालाही पडद्यावर दिसतं. डोळा लावायची गरजच नाही.

हुरडा:
पोरगी सध्या काय बघालीय ते सांगा की आधी. त्यावरनं ठरतंय सगळं. पेशी बघायचीय असं तिनं म्हटलंय का कोणाला?

ऋतुगंधा:
पेशी वगैरे काही नाही. मुंग्या बघते. अंगणात साखर टाकून तासन्‌तास उकिडवी बसते. पाण्याच्या पिंपात काहीतरी वळवळतं ते बघते. परवा चादरीच्या दशा काढून "यात अजून दोरे आहेत" म्हणत बसली होती. तेव्हाच मला मायक्रोस्कोप सुचला. कागदाचा नको, ती दोन दिवसांत चोळामोळा करेल.

गड्डा_यात्री:
पिंपातलं वळवळणारं काय आहे ते बघू नका, आधी पिंप ओता! डासांच्या अळ्या आहेत त्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी पिंपं, हौद, टाक्या भरलेल्या. डेंग्यूचा डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासायचं, नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

कागदीभिंग:
ओतायच्या आधी चार अळ्या झाकणाच्या बरणीत काढून ठेवा ना. शेपटीकडची नळी पाण्याच्या वर धरून त्या डोकं खाली करून लटकतात, त्या नळीतून श्वास घेतात. मलेरियाच्या डासाची अळी मात्र पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी असते. हा फरक मूल सुद्धा ओळखतं. बघून झालं की बरणी कोरड्या मातीत ओतायची, गटारीत नाही.

संध्याछाया:
मायक्रोस्कोपपेक्षा टेलिस्कोप घ्या असं सुचवेन. लहान टेलिस्कोपमधून सुद्धा शनीची कडी दिसतात, गुरूचे चार चंद्र दिसतात. गच्ची असेल तर सोलापुरासारखं कोरडं, मोकळं आकाश हिवाळ्यात फार सुंदर असतं. तिपाई मात्र भक्कम बघा, हलकी असली तर वाऱ्याने चित्र थरथरतं.

ऋतुगंधा:
टेलिस्कोप नकोय. मायक्रोस्कोपबद्दल कोणी सांगेल का?

मागवाला:
मी सांगतो. आमचा टॉवेलचा धंदा, तीन पिढ्या. तुमच्या लेकीला जे बघायचंय त्याला मायक्रोस्कोप लागतच नाही, पिक ग्लास लागतो. कापडाच्या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असतो. घडीचं छोटं भिंग, पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं. उघडलं की तीन पट्ट्यांवर आपोआप उभं राहतं. खालच्या पट्टीत एक इंचाची चौकोनी खिडकी, तिच्या कडेला खुणा. ते कापडावर ठेवायचं, वरून बघायचं आणि इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचे.

मुलांसाठी त्यातली चांगली गोष्ट अशी, की भिंगाचं आणि वस्तूचं अंतर ठरलेलं असतं. चाक नाही, फोकस नाही, स्लाइड नाही. ठेवलं की दिसतं, आणि सुलटं दिसतं. चादरीवर ठेवा, मोर किंवा फूल काढताना कुठला रंगीत धागा वर आला आणि कुठला खाली गेला ते दिसेल. मग टॉवेलवर ठेवा, लूप एकेक सुटे दिसतात. मेलेली मुंगी, ज्वारीचा दाणा, मिठाचा खडा, स्वतःची बोटं, काहीही त्या खिडकीत ठेवा. मायक्रोस्कोपच्या मानाने अगदी स्वस्त मिळतो आणि पडला तरी सहसा काही होत नाही.

सूक्ष्मजंतूंचा शोध लावणारा लेव्हेनहूक हा डेल्फ्टचा कापडवालाच होता. कापडाचा धागा भिंगातून पारखणं हे त्याचं रोजचं काम. पुढे स्वतः भिंगं घासून १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाण्यातल्या जिवांबद्दल ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. आपल्या गावातल्या मुलीने धाग्यापासून सुरुवात केली तर मला मनापासून आनंद होईल.

देठपान:
पिक ग्लास पाच-दहा पटच दाखवतो. तो चांगला आहे, पण त्याला मायक्रोस्कोप म्हणता येणार नाही. त्यांनी मायक्रोस्कोप विचारलाय.

मागवाला:
सर, मुंगीला दहा पट पुष्कळ झालं. ४०० पटीत मुंगीचा एखादा केस दिसेल, मुंगी नाही दिसणार.

जुळेकर:
बरोबर. मुंगी, फूल, नाणं असल्या अख्ख्या वस्तूंसाठी स्टीरिओ मायक्रोस्कोप असतो, २० किंवा ४० पटीचा. दोन डोळ्यांनी बघायचं, चित्र सुलटं, वस्तू तशीच खाली ठेवायची. पण बरा घ्यायचा तर अडीच हजारांत बसणं कठीण. आणि दोन डोळ्यांचा कुठलाही घेतला तरी त्याच्या नळ्या पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का ते दुकानात मुलालाच बसवून बघावं लागतं. बरेच मोठ्यांच्या मापाचे असतात.

ऋतुगंधा:
दोन डोळ्यांचा नकोच मग. तसाही तिच्या उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी असते.

चष्मेवाली:
थांबा. कसली पट्टी? चष्मा आहे का? मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, हे तुम्ही पहिल्यांदाच आत्ता लिहिताय.

ऋतुगंधा:
आहे की चष्मा, दोन वर्षांपासून. डावा डोळा आळशी आहे म्हणाले डॉक्टर, म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी. त्याचा इथे काय संबंध? पट्टी लावून ती चित्रंही रंगवते.

चष्मेवाली:
खूप संबंध आहे ताई. आळशी डोळ्यात डोळा दिसायला ठीक असतो, पण मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र नीट घेत नाही. चांगला डोळा झाकून दुसऱ्याला कामाला लावणं हा त्यावरचा उपचार, आणि तो लहान वयातच जास्त लागू पडतो. आता एका डोळ्याच्या मायक्रोस्कोपसमोर तिला बसवलं, की पट्टी नसताना ती आपोआप चांगलाच डोळा लावणार. आणि पट्टीच्या वेळात बसवलं तर डाव्याला त्या नळीत धूसर दिसेल, ती कंटाळेल, कदाचित पट्टी ओढून काढेल. पट्टीच्या वेळाबद्दल मुलीच्या मनात चीड बसू नये, ही माझी खरी काळजी आहे.

म्हणून दोन गोष्टी. एक, तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, की पट्टीच्या वेळात भिंगातून बघितलं तर चालेल का. ते बघण्यालायक निघालं तर पट्टीचे दोन तास तिला आवडायलाही लागतील, पण ठरवायचं डॉक्टरांनी, मी नाही आणि इथल्या कोणीच नाही. दुसरं, कुठलंही भिंग असो, चष्मा काढायचा नाही.

कागदीभिंग:
मग पडद्यावर दाखवणारा यूएसबीवाला? लॅपटॉपला जोडायचा, डोळा लावायचाच नाही. आजोबांनाही दिसेल.

चष्मेवाली:
तो चालेल, पण डॉक्टरांना विचारूनच. आणि स्वस्तातले खिशातले दिव्याचे मायक्रोस्कोप अजिबात नको. त्यांत बटणासारखे सेल असतात आणि काहींचं झाकण नखाने उघडतं. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तसं झालंच तर घरी वाट न बघता थेट दवाखाना. झाकणाला स्क्रू नसलेलं काहीही पाच वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका.

देठपान:
आरसा असलेला मायक्रोस्कोप कोणी देऊ केला तरी तो उन्हात धरायचा नाही, सूर्य थेट डोळ्यात जातो. भिंग गच्चीवर किंवा खिडकीत विसरायचं नाही, आपल्या उन्हात कागद पेटायला वेळ लागत नाही. डोळ्याचा उपचार चालू आहे म्हटल्यावर कंपाउंडचा आग्रह मी सोडतो. तो पाचवीत घ्या.

ऋतुगंधा:
डॉक्टरांशी बोलले. पट्टीच्या वेळात दहा-पंधरा मिनिटं भिंगातून बघायला हरकत नाही म्हणाले, डोळा दुखतोय म्हणाली तर थांबायचं, आणि पुढच्या तपासणीला ते भिंग घेऊन या म्हणाले. पिक ग्लास घेतेय. सासऱ्यांना दाखवायला फोटो काढला तर ते म्हणाले, हा तर गिरणीत आमच्या खिशात असायचा, विचारायचं तरी मला! मागवाला, नवा कुठे मिळेल? आणि अळ्या आहेत म्हणून पिंप ओतलं.

मागवाला:
मागाचं सुटं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळेल, अशोक चौकाच्या बाजूला चौकशी करा. एक इंचाचाच मागा, अर्ध्या इंचाचा मुलाला लहान पडतो. काचेवर ओरखडे नाहीत आणि बिजागरी सैल नाही एवढं बघून घ्या.

पेठकर:
धागा पाहून विचारतोय, माझा मुलगा आठवीत आहे, त्याच्यासाठी कोणता घेऊ?

देठपान:
डोळ्यांची काही तक्रार, चष्मा? नसेल तर कंपाउंडच. दुकानात मोठं चाक फिरवून सोडा, वस्तू ठेवायचा मंच आपोआप खाली घसरत असेल तर घेऊ नका. ४० चं भिंग बोटाने हळूच दाबा, ते आत गेलं पाहिजे, म्हणजे स्लाइडवर टेकलं तरी काच फुटत नाही. प्रकाश कमी-जास्त करायची पडदी आहे का बघा. आणि दुकानदाराकडे तयार स्लाइड असेल तर ४०० पटीला चित्राच्या कडा नीट दिसतायत का ते स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.