मदत हवी आहे: चेझारे कांतूची कादंबरी कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, ग्रुपवर इटालियन वाचणारं कोणी आहे का? मला चेझारे कांतू (१८०४-१८९५) या मिलानच्या इतिहासकाराची 'मार्गेरिता पुस्तेर्ला' वाचायचीय. इटालियन कादंबरीकार मान्झोनीचं नाव निदान ऐकलेलं तरी असतं, पण कांतू आपल्याकडे कोणाला माहीतच नाही, याचं खरंच वाईट वाटतं. मिलानवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य, १८३३ मध्ये याला राजकीय संशयावरून पकडलं, तुरुंगात लिहायचं सामान देईनात, तर पठ्ठ्याने दात कोरायची काडी आणि मेणबत्तीची काजळी वापरून कादंबरी लिहायला घेतली असं सांगतात, छापून आली ती १८३८ ला. गोष्ट आहे चौदाव्या शतकातली, मिलानचा तेव्हाचा सत्ताधीश लुकिनो व्हिस्कोंती याच्या जुलमाची, पण लोकांनी त्यात ऑस्ट्रियाच बघितला असणार असं मला वाटतं. पुढे याच माणसाने जगाचा प्रचंड मोठा इतिहास लिहिला आणि मिलानच्या सरकारी दफ्तरखान्याचा प्रमुखही झाला.

तर इंग्रजीत पूर्ण, चांगलं भाषांतर आहे का? नसेल तर टिपा असलेली एखादी इटालियन आवृत्ती सुचवा, मी डिक्शनरी घेऊन बसेन. आणि कोणी वाचली असेल तर प्लीज सांगा, त्यातला इतिहास कितपत खरा धरायचा?